बिनशेपटीचा

जुन्या उंदराला शेपटी होती.
परवा आंझोरकाकांच्या ट्रॉलीखाली सापडून ती तुटली,
म्हणून कुताइसीच्या बाजारातून हा नवा आणला:
काळा, गुळगुळीत, पोटात लाल दिवा,
शेपटी नाही.

आणि आज सकाळपासून बाण वेड्यासारखा पळतोय.

पडद्यावर एका बस-ड्रायव्हरचा चेहरा.
वारलाम. कुताइसी ते तिबिलिसी, एकतीस वर्षं.
उद्या मशीनची हिऱ्याची सुई हा चेहरा
ठिपक्याठिपक्याने काळ्या दगडात टोचणार,
म्हणून मी त्याच्या डाव्या भुवईचा एकेक केस ओढतोय,
आणि बाण भुवईवरून निघतो तो थेट कानात,
कानातून कॉलरवर,
मधेच थरथरत उभा राहतो,
जणू कुणी नाव विचारलंय आणि त्याला आठवत नाही.

सेल बदलले.
रिसीव्हर मागच्या खाचेतून पुढच्या खाचेत,
पुढच्यातून परत मागे.
भिंगावर फुंकर. मग भिंगाला चाचाचा बोळा,
द्राक्षाची ती दारू कपाटात असतेच;
काका म्हणाले, थोडी उंदराला, थोडी मला.
रुस्तावीला वाख्तांगला फोन केला, त्याचं दुकानच आहे.
तो म्हणाला, वेग कमी कर.
कमी केला.
आता बाण सावकाश भरकटतो.

देस्पिने कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर पिशवी घेऊन.
काही बोलत नाही.
नवरा तयार होईपर्यंत थांबायची तिला सवय असावी.

आमचं टेबल म्हणजे दगडच.
तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी नावात एक अक्षर चुकलं,
घरच्यांनी तो घेतला नाही.
काकांनी पालथा घातला, पाठ आरशासारखी घासली,
खाली चार लोखंडी पाय लावले.
डोंगर पोखरून आणलेला दगड,
आणि शेवटी त्याच्यावर हा उंदीर.

देस्पिने उठली.
माझ्या हाताकडे नाही, दगडाकडे बघत म्हणाली,
"रिकोतीच्या घाटात जानेवारीत असंच व्हायचं.
रस्ता इतका चकचकीत, की चाकाला कळायचंच नाही,
आपण फिरतोय की नुसते घसरतोय.
वारलामने स्टीअरिंगला कधी शिव्या दिल्या नाहीत.
खाली उतरायचा.
सीटखाली राखेची बादली असायची."

इथे राख कुठली?
तिने पिशवीतून एक वही काढली,
खाकी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली,
आत डिझेलचा हिशेब, त्याच्या हातचा.
उंदीर उचलला, वही खाली सरकवली,
उंदीर परत ठेवला,
जसं एखादं तान्हं मूल कूस बदलून निजवावं.

लाल दिव्याला पुठ्ठ्याचे धागे दिसले असणार,
कपाची गोल खूण,
कुणाच्यातरी फोन नंबराचा खोल उमटलेला ठसा.
बाण भुवईवर आला आणि थांबला.
मी हलवला तेवढाच हलला.

साडेचारपर्यंत दोन्ही भुवया झाल्या.
मिशीत पांढरे केस सात.
मी सहा काढले होते, तिने मोजले.

मधे कधीतरी पेन्सिल पडली, ती शोधताना
बोटं टेबलाच्या खालून फिरली:
ते चुकलेलं अक्षर अजून तिथेच आहे, खरखरीत,
आत धूळ बसलेली.
चार बोटं जाडीच्या पलीकडे
उंदराला पाय रोवायला दिवसभर जागा होती.
कुणाचं नाव होतं, ते काकांनाही आठवेना.

निघताना देस्पिने म्हणाली, "वही परत हवी."
हो, अर्थात.
मी सेव्ह केलं. भीती वाटून पुन्हा एकदा केलं.
तिने वही ओढून घेतली,
आणि बाण वारलामच्या कपाळावरून सुटला,
कॉलर, घड्याळ, कचऱ्याची टोपली ओलांडत
पडद्याच्या कडेला जाऊन धडकला.

"उद्या पाव आणशील ना," काका म्हणाले,
"त्याचा कागद फेकू नकोस."